नंबरवाल्या शेवंताबाई

शेवंताबाईंच्या हातचा मार खाल्लेली माणसं हिंगोलीत शोधायला फार फिरावं लागत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात एकदा तरी जाऊन आलेलं कुणीही विचारा. बाकावर बसून कुणी डोळा चोळताना दिसलं की त्या हातातलं काम टाकून उठायच्या आणि त्या हातावर फटकन एक ठेवायच्या. लहान-मोठं बघायच्या नाहीत. "डोळा हाय तो, कनिक न्हाई मळायला," एवढंच बोलायच्या आणि परत आपल्या अंधाऱ्या खोलीत. एका लग्नात होमाच्या धुराने नवरदेवाचे डोळे चुरचुरत होते. त्याने मूठ डोळ्याला लावली आणि आहेर द्यायला स्टेजवर चढलेल्या शेवंताबाईंनी आधी त्याला चापट मारली, मग पाकीट दिलं. नवरीकडच्यांना वाटलं, मुलाची आत्या असेल. मुलाकडच्यांना वाटलं, नवरीची मावशी. खरं तर त्या शेजाऱ्यांबरोबर जेवायला आलेल्या होत्या.

त्या डॉक्टर नव्हत्या. एका खाजगी दवाखान्यात चष्म्याचा नंबर काढायच्या. आत मोठे डॉक्टर, बाहेर शेवंताबाई. नाव कुणी घेत नसे, 'नंबरवाल्या बाई' म्हटलं की झालं. ठेंगणा बांधा, काठाची सुती साडी, आणि स्वतःच्याच डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा, काळ्या दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. नवा पेशंट हमखास म्हणायचा, "बाई, तुमचाच नंबर उतरंना, तर आमचा काय उतरवता?"

"मी उतरवत न्हाई, मोजते," त्या म्हणायच्या. "वजनकाट्याला कुनी 'आधी तू बारीक व्हय' म्हनतं का?"

मी हे बेंगळुरूच्या शिवेवर, एका शिलाई कारखान्याच्या हॉस्टेलात बसून लिहिते आहे. शाळा आठवीत सुटली. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की बराबर झाल्या का म्हणून जीव खालीवर होतो. पण त्यांच्याबद्दल लिहायचं राहून गेलं तर ते जास्त लागेल.

नंबर काढताना डोळ्यापुढे एक भिंग धरतात, मग दुसरं धरतात आणि विचारतात, पहिलं बरं का दुसरं? इतकी वर्षं तोच प्रश्न विचारून तो त्यांच्या जिभेवर बसला होता. चहा सांगताना, "गुळाचा बरा का साखरेचा?" नांदेडला जाताना, "जीप बरी का रेल्वे?" आणि 'कसंबी चालंल' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "'कसंबी' नावाचं भिंग माझ्या पेटीत न्हाई. सारखंच वाटत असंल तर सारखं म्हनावं. मला बरं वाटावं म्हनून 'दुसरं बरं' म्हनू नका. चष्मा तुमाला घालायचाय, मला न्हाई." माणूस कोर्टात बोलत नाही एवढं खोटं माझ्या खोलीत बोलतो, असं त्या म्हणायच्या.

ते त्या उगाच म्हणत नव्हत्या. सेनगाव रस्त्यावर जीप चालवणारे दगडूभाऊ एकदा तपासायला आले. नजर कमी झाली होती, पण चष्मा लागला तर लोक जीपमध्ये बसायचे नाहीत अशी त्यांना भीती. बाकावर बसून त्यांनी आधीच्या तीन पेशंटांनी वाचलेला तक्ता ऐकून पाठ केला आणि खुर्चीवर बसल्या बसल्या धडाधड म्हणायला लागले. शेवंताबाईंनी त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली आणि दोन्ही डोळ्यांपुढे पत्र्याच्या काळ्या चकत्या टाकल्या. तरी गडी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. बाहेर दारात उभ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"भाऊ, नजर तर लई तेज तुमची," बाई म्हणाल्या. "पत्र्याच्या आरपार दिसून राहिलं."

मग त्यांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "जीपमधी लेकुरवाळ्या बाया बसवता ना तुमी?" आत पुढे काय बोलणं झालं ते दगडूभाऊंनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी ते चष्मा घेऊनच गेले, आणि नंतर वाटेवरच्या गावांतली कमी दिसणारी म्हातारी माणसं स्वतःहून आणून बाईंच्या बाकावर बसवायला लागले.

मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचा तांडा पुसेगावच्या अलीकडे. हळदीच्या दिवसांत याडी आणि मी, म्हणजे आई आणि मी, टोळीबरोबर कुरुंद्याकडे कामाला जायचो. दर वर्षी चष्मा बदलायचा आणि दर वर्षी नव्या चष्म्यातूनही अंधुकच. बाईंनी तक्ता लावला. इंग्रजी अक्षरं होती. मला एकही म्हणता येईना.

"दिसत न्हाई, का वाचता येत न्हाई?" त्यांनी विचारलं. "दोन येगळ्या गोष्टी हायत."

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी मान खाली घातली तशी त्यांनी तक्ता फिरवला. मागच्या बाजूला फणीसारख्या खुणा होत्या. "ह्याचे दात कोनीकडं हायत, बोटानं दाव." मी बोटाने दाखवत गेले. तिसऱ्या ओळीला बोट अडलं.

"शाळा काहून सोडली?"

"डोकं चालत नव्हतं."

"कोन म्हनलं?"

"गुरुजी. मंग घरचे. मंग मीच."

"वर्गात म्होरं बसायचीस का मागं?"

"उंच होते. मागं बसवायचे."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. "डोकं बराबर होतं तुझं. फळाच तुझ्यापोत्तर पोचला न्हाई."

परत जाताना जीपमध्ये मी तेच वाक्य मनातल्या मनात म्हणत होते. याडीला सांगायचं धाडस मात्र झालं नाही. तिला वाटलं असतं, मी तिच्यावर ठपका ठेवते आहे.

त्याच बैठकीत मी चार चापटा खाल्ल्या. वाळलेली हळद मोठ्या पिंपात फिरवून घासतात, तेव्हा तिची भुकटी उडते आणि डोळे खाजतात. आमच्याकडे डोळे आले की हळदीत बुडवलेलं फडकं जवळ ठेवतात आणि त्यानेच डोळे पुसतात. माझ्या कमरेला ते पिवळं फडकं बारा महिने असायचं. पुसता पुसता चोळायची सवय लागली होती, बोटांच्या पेरांनी, जोर लावून, खूप बरं वाटायचं. बाईंनी फडकं काढून घेतलं. मग बॅटरीसारखं एक यंत्र डोळ्यावर धरून त्यातली उजेडाची पट्टी इकडून तिकडे सरकवली. एकदा, दोनदा, पाचदा. आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कात्री."

"काय?"

"काही न्हाई. दोन म्हयन्यानं ये. डोळ्याला हात लावायचा न्हाई. खाजलं तर गार पान्याची पट्टी, आन् डॉक्टरसायब देतेत ते थेंब."

मला चष्माच नको होता. त्याचं कारण कुकर. शेतात ट्रॅक्टरच्या मागे बॉयलर जोडून मोठ्या पिंपांत वाफेवर हळद शिजवतात, त्याला आम्ही कुकर म्हणतो. पिंप उघडलं की वाफेने काचा पांढऱ्या व्हायच्या. त्या हंगामात तसंच झालं, पाय घसरला, उकळतं पाणी नडगीवर आलं. मुकादम म्हणाला, "चष्म्यावालीला कुकरवर घेत न्हाई आपुन." आणि मला म्हाताऱ्या बायांबरोबर हळकुंडं निवडायला बसवलं. तेव्हापासून डोक्यात एकच. लेझर.

दोन महिन्यांनी गेले तेव्हा बाई डबा उघडून बसल्या होत्या. मी लेझरचं विचारलं तसं त्यांनी अर्धी भाकर माझ्या हातात दिली आणि सांगायला लागल्या.

"तीन तऱ्हा हायत. ध्यान देऊन ऐक. पैली. टरबूजवाला फळ पिकलं का दावायला चौकोनी तुकडा कापतो, लाल दावतो, परत बसवतो. तसं बुबुळाचा वरचा पापुद्रा झाकनावानी उचलतेत, खाली लेझर मारून आकार बदलतेत, झाकन परत ठेवतेत. दुसऱ्या दिशी दिसायला लागतं. तकलीफ कमी. पन ते झाकन पैल्यासारखं घट्ट कधी बसत न्हाई. डोळ्याला मार लागला तर सरकू शकतं. डोळे बी कोरडे पडतेत काही दिवस.

"दुसरी. कांद्याचं वरचं सालपट काढावं तसं बुबुळावरचं सालपट काढतेत आन् वरूनच लेझर. झाकन न्हाई, म्हनून सरकायचं भ्या न्हाई. कुस्तीवाल्याला, फौजेवाल्याला हे बरं. पन सालपट परत येस्तोवर चार-पाच दिवस डोळ्यात मिरची घातल्यावानी. नजर बसायला म्हयना बी लागतो.

"तिसरी नवी हाय. चिंचेला बारीक चीर देऊन चिंचोका बाहेर सारतो न्हाई का? तसं लेझरनं बुबुळाच्या आतच एक पातळ चकती कापतेत आन् बारक्या चिरीतून काढून घेतेत. झाकन न्हाई, आग न्हाई, कोरडं बी कमी. पन समद्या नंबराला चालत न्हाई, आन् थोडा नंबर ऱ्हायला तर दुसऱ्यांदा दुरुस्त करायला अवघड." त्यांनी बोटं चाटली. "सांग आता. पैलं, दुसरं का तिसरं?"

"तिसरं."

"काहून?"

"चीर बारकी."

"चुकलं." त्या हसल्या नाहीत. "फळ कसलं हाय ते न बघताच सुरी निवडलीस. तिन्हीत बुबुळातलं काहीतरी कमीच करतेत. कमी करायला तुझ्याकडं हाय का, ते आधी इचार. त्याला डोळ्याचा नकाशा लागतो. ती मशीन हितं न्हाई, नांदेडला हाय. तुझ्या डोळ्यात उजेड सरळ सरकत न्हाई, पोरी. कात्रीवानी उघडतो, मिटतो. मला ते पटून न्हाई राहिलं."

मला एवढंच कळलं की बाई नाही म्हणताहेत.

त्याच आठवड्यात शहरातल्या एका दवाखान्याचा माणूस तांड्यांवरून फिरत आला. सोमवारी हिंगोलीतून गाडी निघणार, सकाळी चष्मा लावून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी बिनचष्म्याचं परत यायचं. त्याने आम्हा तिघी-चौघींना बाजूला घेऊन शिकवलं, "तिथं डॉक्टरला डोळे खाजतात, नंबर दरसाल वाढतो, असलं सांगत बसू नका. नापास करतात." आणि शेवंताबाईंचं नाव निघताच हसला. "चष्मे विकणाऱ्याला गिऱ्हाईक सुटल्याचं दुःख असणारच की."

बा तयार झाला. मीही तयार झाले. पण मी पहिल्यापासून घाबरट. भीती वाटली की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. शनिवारी मी बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "डॉक्टरला काय सांगनार हायस?" मी शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

रविवारी दुपारी दगडूभाऊंची जीप तांड्यात शिरली. पुढच्या सीटवर एकट्या शेवंताबाई. दवाखान्यातलं कुणी आमच्या तांड्यात आलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. बा लिंबाखाली बाजेवर बसला होता. त्याने उठून बाज दिली, पण तोंड घट्ट.

"बाई, तुमचं चष्म्याचं दुकान हाय म्हनं. म्हनून आडवता का आमच्या लेकीला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी मात्र मान हलवली. "इचारलं ते बराबर केलं. माझ्या घरी कुनी न बोलावता शानपन शिकवाया आलं तर मी बी हेच इचारीन. दुकान माझं न्हाई. पगारी बाई हाय मी. ही चष्मा घेवो न घेवो, मला भाकर तेवढीच." मग माझ्याकडे वळल्या. "त्या डॉक्टरापुढं खरं बोलशील का?"

"खरं बोललं तर नापास करतेत," मी म्हणाले.

"डॉक्टर काही येडे न्हाईत, बाबा," त्या बाला म्हणाल्या. "नकाशा ते बी काढतीलच. पन अर्धं मशीन सांगतं आन् अर्धं पेशंट सांगतो. हिचं अर्धं खोटं ऱ्हानार. आन् तिथं गाडीभर लोक, समद्याला घाई. हिच्या डोळ्यात मला जे दिसलं ते खरं असलं तर लेझर मारल्यावर हिची हाय ती नजर बी जाईल. चष्मा लावून बी न्हाई दिसायचं मंग."

"आन् तुमचंच चुकलं तर? गाडी जाईल निघून."

"चुकले तर पुढच्या गाडीत मी सोता हिला बसवून देते. आन् हितं येऊन समद्या तांड्यापुढं सांगते, शेवंताबाई चुकली म्हनून."

बा आमच्या बोलीत याडीशी काहीतरी बोलला. याडीने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि बाईंच्या पुढे ठेवला. सोमवारची गाडी मला न घेता गेली.

बुधवारी रजा काढून बाई मला नांदेडला घेऊन गेल्या. मशीनपुढे हनुवटी टेकवली, गोल गोल रेघांकडे बघितलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर माझ्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे आले. हिरवा, पिवळा आणि खालच्या बाजूला लालभडक डाग. डॉक्टर भले होते, सावकाश बोलले. बुबुळ खालून पातळ होत चाललं होतं आणि शंकूसारखं पुढे येत होतं. चोळण्याने ते आणखी वाढतं. लेझर केलं असतं तर होतं तेही पातळ झालं असतं. "तीनपैकी एकही पद्धत तुमच्यासाठी नाही," ते म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मला रडू फुटलं. कुकर गेला, टोळी गेली, चष्मा राहिलाच. आणि मी जे बोलले ते आजही आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हणाले, "झालं तुमच्या मनासारखं?"

त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघे दुखत होते त्यांचे, बसायला वेळ लागला. "न्हाई गं," म्हणाल्या. "माझ्या मनासारखं म्हंजी मी चुकायला पायजे होते. येताना पेढ्याचं दुकान बी बघून ठेवलं होतं."

दुखणं थांबवण्याचा इलाज होता. डोळ्यात पिवळे थेंब टाकत राहायचे आणि त्यावर निळसर उजेड सोडायचा. त्याने नंबर जात नाही, बुबुळ घट्ट होतं आणि पुढे बिघडायचं थांबतं. तोही त्यांनीच जुळवून दिला. पहिले चार दिवस डोळे उघडवत नव्हते, तेव्हा रोज याडीला फोन. "फडकं कुठं हाय?" याडी म्हणायची, "धुऊन ठिवलंय." तिसऱ्या दिवशी बाईंनी फर्मावलं, "चुलीत घाल." याडीने घातलं. देवाचं काही जाळल्यासारखा चेहरा करून, पण घातलं.

मग काही महिन्यांनी कडक लेन्स आल्या. नखाएवढ्या, बुबुळावर बसणाऱ्या. त्या घालायला शिकताना मी दोनदा रडले आणि एकदा लेन्स मोरीत घालवली. बाई ओरडल्या नाहीत. आरसा धरून बसल्या. ज्या दिवशी दोन्ही बसल्या त्या दिवशी जीपमधून घरी जाताना मी वाटेवरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत गेले. खताचं दुकान, पंक्चर, कटिंग, शुभेच्छुकांच्या नावांची फ्लेक्स. शेजारची बाई सरकून बसली. दगडूभाऊ आरशातून बघत होते, म्हणाले, "वाच वाच. जीप हळू घेतो."

त्याच नजरेवर मला पुढे शिलाईचं काम मिळालं. इथे काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप घालावी लागते. माझी टीप सरळ येते.

बाई पुढे निवृत्त झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी मी फोन करायची. त्या माझ्या तब्येतीचं विचारायच्या नाहीत, लेन्सच्या डबीतलं औषधी पाणी बदलतेस का ते विचारायच्या. गेल्या उन्हाळ्यात याडीचा फोन आला, शेवंताबाई गेल्या. झोपेत गेल्या म्हणे. मला सुट्टी मिळाली नाही. कडक लेन्स घालून नीट रडता येत नाही. मी आधी त्या काढून डबीत ठेवल्या आणि मग रडले.

त्याच्या आधीच्या दिवाळीला मी घरी गेले होते. भेटायला जायचं ठरवलं होतं, पण पाहुणे आले, दिवस संपले, आणि परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा जिवाला टोचत होतं. हिंगोलीच्या भाजी बाजारापाशी बस अडकली. खिडकीतून बघते तर रस्त्याच्या पार पलीकडे, गाड्यांच्या आणि माणसांच्या मागे, एका कोथिंबीरवालीपुढे शेवंताबाई उभ्या होत्या. हाक पोचली नसती. मी फक्त बघत राहिले. त्यांनी एक जुडी उचलली, नाकाला लावली, परत ठेवली. दुसरी घेतली, तिच्यातलं एक पिवळं पान खुडून टाकलं. कोथिंबीरवाली हात नाचवून काहीतरी म्हणाली, त्यावर बाई हसल्या. खालचा एक दात पडलेला होता, ते मला बसमधून दिसलं. मग त्यांनी जुडी पिशवीत घातली, पदर डोक्यावरून सारखा केला आणि गर्दीतून चालायला लागल्या. बस सुटली. वळण येईपर्यंत मी त्यांना एकदाही हरवलं नाही.